एल्कच्या शिकारीला जाण्याआधी तांदळाची पोती वाहा

मी पहिली एल्क (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) पाडली तेव्हा दुपारचे चार चाळीस झाले होते. ऑक्टोबरचा शेवट, कोलोरॅडोतला फ्लॅट टॉप्सचा डोंगर, उंची १०,२०० फूट, गाडी चार मैल लांब. बरोबर माझा शेजारी होता. साठीचा, निवृत्त ट्रक ड्रायव्हर, विसाव्या वर्षापासून शिकार करणारा. त्याने पडलेल्या मादीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, आधी पोटभर खाऊन घेऊ. मला वाटलं, म्हातारा दमला. त्याला पुढचा दीड दिवस दिसत होता.

हिशोब असा असतो. प्रौढ मादी एल्क जिवंतपणी सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते, नर तीनशेच्या वर. हाडं काढून टाकली तरी मादीचं सत्तर किलोच्या आसपास मांस उरतं, मोठ्या नराचं नव्वद-शंभर. खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं इथे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मला टाकवलं नसतं. आम्ही दोघं, प्रत्येकी दोन खेपा. चार मैल ओझं घेऊन, चार मैल रिकाम्या पाठीने परत, पुन्हा चार मैल ओझं घेऊन. बारा मैल, त्यातले निम्मे अंधारात, आडव्या पडलेल्या झाडांवरून पाय टाकत. दुसऱ्या खेपेला माझ्या सॅकच्या कमरपट्ट्याचं बक्कल तुटलं आणि सगळा भार खांद्यावर आला. गाडीपाशी पोचलो तेव्हा बोटांना संवेदना नव्हती. नंतर आठवडाभर मी जिना उलटा, पाठमोरा उतरत होतो.

तेव्हापासून मी तयारीचा हिशोब उलट्या बाजूने करतो. एल्क शोधणं, गाठणं, नेम धरणं यावर लोक तासन्‌तास बोलतात. मी आधी विचारतो, पडल्यावर वाहून कोण नेणार, किती लांब, कशावर आणि कोणत्या पायांनी? त्याचं उत्तर मिळालं की जानेवारीपासून काय करायचं ते आपोआप ठरतं.

कागदपत्रं, थोडक्यात

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. आपल्याकडचा एल्कचा जवळचा नातलग म्हणजे काश्मीरचा हंगुल, आणि तो किती थोडा उरलाय हे सगळ्यांना माहीत आहे. कोलोरॅडोची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यापेक्षा इथे एल्क जास्त आहेत, आणि कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे खातं दरवर्षी किती परवाने द्यायचे ते ठरवतं. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. परवान्यांच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची पुस्तिका उतरवून घ्या आणि आपल्या युनिटचं, म्हणजे शिकारीच्या विभागाचं, पान दोनदा वाचा.

एच-वन-बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. अशा माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघीय कायद्याची बंदी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हातात असेल तर त्याला अपवाद आहे. तरीही "मित्राने सांगितलं" एवढ्यावर दुकानात जाऊ नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. मी स्वतः ग्रीन कार्ड येईपर्यंत दुसऱ्यांच्या शिकारीला हमाल म्हणूनच जात होतो. त्या दोन मोसमांत जे शिकलो ते कुठल्या कोर्सने शिकवलं नसतं.

पाय आणि छाती

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, दिवसभर खुर्चीत बसून पगार घेतो आणि वरणभातावर तूप घेतो. म्हणून पहिलं काम डॉक्टर. आपल्या लोकांत हृदयविकार लवकर गाठतो. शिकारीत थंडी, उंची, पाठीवरचं ओझं आणि छातीतली धडधड एकाच वेळी येतात. चाळिशी ओलांडली असेल तर स्ट्रेस टेस्टबद्दल विचारा आणि मगच बूट बांधा.

जानेवारी ते मार्च मी ओझं घेत नाही. आठवड्यातून चार दिवस तासभर चढाचं चालणं, वेग एवढाच की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. हे कंटाळवाणं असतं आणि लोक नेमकं हेच टाळतात. पहिल्या महिन्यात धावून-पळून गुडघे दुखवून घेतात आणि फेब्रुवारीत सोफ्यावर येतात. जोडीला दोन दिवस ताकदीचे व्यायाम: गुडघ्याएवढ्या उंच बाकावर एकेका पायाने चढ-उतार, बैठका, आणि एका पायावर उभं राहून पुढे वाकून वजन उचलणं. आमच्या तालमीतल्या बैठका इथेही कामाला येतात, फक्त घाईने मारू नका, खाली जाताना तीन मोजा.

ते "खाली जाताना" फार महत्त्वाचं आहे. चढताना दम निघतो, पण मांड्या फाटतात उतरताना. ओझं घेऊन उतार उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच भार रोखून धरतो, आणि दुसऱ्या दिवशी जो ठणका लागतो तो त्याचाच. त्यावर औषध एकच, आधीपासून उतरायची सवय. पण रोज भरल्या पाठीने उतरलात तर गुडघे जातील. म्हणून एप्रिलनंतर मधल्या दिवसांत मी सॅकमध्ये पाण्याचे कॅन घेऊन चढतो आणि वर गेल्यावर पाणी ओतून देतो. तीन आठवड्यांतून एकदाच भरल्या सॅकने उतरतो.

एप्रिलपासून ओझं. सुरुवात नऊ किलोने. दर दोन आठवड्यांनी अडीच-तीन किलो वाढ, त्याहून जास्त नाही. एका वर्षी मला घाई झाली होती, पाचव्याच आठवड्यात सत्तावीस किलो घेतले. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली की सहा आठवडे गेले आणि फिजिओथेरपीचं बिल आलं ते वेगळं. ऑगस्टमध्ये सत्तावीस किलोपर्यंत पोचायचं आहे. मांसाचा एक वाटा अधिक स्वतःचं सामान तेवढं होतं. त्याहून जड नेणारे पैलवान आहेत. मी त्यांच्यातला नाही, मी एक खेप जास्त मारतो.

आता पोत्यांचं. इथल्या इंडियन ग्रोसरीत वीस पौंडांची बासमतीची गोणी मिळते, म्हणजे नऊ किलो. एक गोणी एप्रिलची, दोन जूनच्या, तीन ऑगस्टच्या. लोखंडाच्या तबकड्या सॅकच्या तळाशी जाऊन बसतात आणि चालताना खडखडतात. तांदूळ मांसासारखा अंगाला बसतो, हलतो, चढावर मागे ओढतो. माझी नेहमीची वाट फोर्ट कॉलिन्सजवळची हॉर्सटूथ रॉकची, जाऊन-येऊन पाचेक मैल आणि साधारण १,४०० फूट चढ. तिथल्या लोकांना आता सवय झाली आहे. एकदा एका बाईंनी विचारलं, वर कुणाचं लग्न आहे का?

सपाट प्रदेशात, टेक्सास किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना डोंगर नाही म्हणून हात झटकून बसायचं कारण नाही. पार्किंगच्या इमारतीचा जिना, स्टेडियमच्या पायऱ्या, जिममधलं जिन्याचं यंत्र, काहीही चालतं. पायऱ्यांवर उतरायलाही मिळतं, हा फायदाच. फक्त जिन्यावर पाऊल नेहमी सपाट पडतं, डोंगरात कधीच नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी खडबडीत मातीवर चाला, नाहीतर घोटे कच्चे राहतात.

आण्णांचा धडा

माझे वडील, आण्णा, पुण्याच्या मार्केट यार्डात माथाडी होते. त्या काळी शंभर किलोचं पोतं असायचं. हूक लावून ट्रकच्या फळीवरून पाठीवर घ्यायचं आणि गाळ्यात नेऊन थप्पीला लावायचं, दिवसभर. निवृत्तीनंतर ते इकडे आले होते तेव्हा मी गॅरेजमध्ये सॅक भरत होतो. दोन गोण्या खाली, वर झोपायची पिशवी, मग बाकीचं. ते खुर्चीवर बसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लेका, वझं ढुंगणावर लटकवलंयस. वर घे आन्‌ पाठीला चिकटव."

महागड्या सॅकच्या माहितीपत्रकात जे चार पानांत लिहिलेलं असतं ते हेच. जड वस्तू खांद्याच्या फऱ्यांच्या मध्ये, पाठीच्या अगदी जवळ. हलकं सामान खाली आणि बाहेर. मांस नेताना तर हे फारच जपावं लागतं, कारण मांसाची पिशवी लिबलिबीत असते, हळूहळू घसरत तळाशी येते आणि मागे ओढायला लागते. चौकट आणि सॅक यांच्या मध्ये मांस ठेवायची जागा असलेल्या सॅक मिळतात, त्याच घ्या, आणि चारही पट्टे एवढे आवळा की हाताने ढकललं तरी पिशवी हलू नये.

घालायचा क्रमही आण्णांनी बदलला. मी आधी खांद्याचे पट्टे आवळायचो. आता सॅक घातली की थोडं पुढे वाकतो, कमरपट्टा कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर बसवतो आणि तो करकचून आवळतो. मग खांद्याचे पट्टे, ते फक्त टेकतील एवढे. शेवटी खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे छोटे पट्टे ओढतो. बरोबर बसलं असेल तर खांद्याच्या पट्ट्याखालून दोन बोटं सहज जातात. नाही गेली तर भार कमरेवर आलेला नाही, पुन्हा करा.

आणि उठणं. जमिनीवर बसून सॅक अडकवून उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाठ तिथेच जाते. आडवा ओंडका किंवा मांडीएवढा उंच दगड शोधा, सॅक त्यावर ठेवा, पाठ टेकवा, पट्टे लावा आणि सरळ उभे राहा. आण्णा म्हणायचे, वझं उचलायचं नसतं, वझ्याखाली जायचं असतं. ट्रेकिंगच्या दोन काठ्या घ्या. मला आधी त्या म्हाताऱ्यांच्या वाटायच्या. अंधारात पडलेली झाडं ओलांडताना ते जादाचे दोन पाय आहेत.

उंची

कळसूबाईचा माथा ५,४०० फूट. डेन्व्हर शहर ५,२८० फुटांवर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराएवढ्या उंचीवर इथे लोक भाजी घेतात. एल्क भेटतात त्याच्या दुप्पट उंचीवर, नऊ ते साडेअकरा हजार फुटांत. दहा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, दर श्वासाला प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी.

याची तयारी व्यायामाने होत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही उंची लागते. उपाय फक्त वेळ. बाहेरून येणाऱ्यांनी मोसम उघडण्याच्या तीन दिवस आधी पोचावं, पहिली रात्र डेन्व्हरच्या उंचीवर, दुसरी आठ हजारांच्या आसपास काढावी आणि मग वर जावं. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न येणं ही लक्षणं दिसली तर त्या दिवशी आणखी चढू नका. बसल्या जागी धाप लागायला लागली, खोकला आला, चालताना झोक जायला लागला, तर रात्र असो, एल्क समोर उभी असो, खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावर औषधाची गोळी हवी असेल तर ती निघण्याआधी डॉक्टरांकडून घ्या, तळावर मित्राच्या डबीतून नको.

सामानाची परीक्षा

दुकानात सगळंच सामान चांगलं असतं. माझा नियम साधा आहे. जी वस्तू मी थकलेल्या अवस्थेत, थंडीत, अंधारात, हातमोजे घालून वापरलेली नाही ती माझ्याबरोबर येत नाही.

झोपेपासून सुरुवात करा. फेब्रुवारीतली एक चांगली कडाक्याची रात्र निवडून मागच्या अंगणात झोपा. झोपायच्या पिशवीवर तापमानाचे दोन आकडे असतात, एक आरामाचा, एक मर्यादेचा. मोठ्या अक्षरात छापलेला बहुतेक वेळा दुसरा असतो. त्या आकड्याला तुम्ही मरत नाही, पण झोपतही नाही. पहिला आकडा पाहून विकत घ्या. आणि थंडी खालून येते. मी पहिल्या वर्षी भारी पिशवीखाली उन्हाळ्यातली पातळ गादी घेतली होती आणि पहाटे तीनला पाठ बर्फ झाली. गादीची आर-व्हॅल्यू (थंडी अडवायची क्षमता) चारच्या वर असू द्या. अंगणातली परीक्षा नापास झालात तर दार उघडून घरात जाता येतं, हीच तिची मजा.

बूट मार्चमध्येच घ्या. अर्धा नंबर मोठे, कारण ओझ्याखाली आणि उतारावर पाय पसरतो. उतारावर अंगठा पुढे आपटत असेल तर नख जाणार, तिथल्या तिथे परत करा. मग मुद्दाम ओले करा. ओढ्यात दोन मिनिटं उभे राहा आणि तसेच तीन मैल चाला. कोरड्या बुटात न येणारे फोड ओल्यात येतात, आणि कुठे येतात हे कळलं की शिकारीत त्या जागी आधीच चिकटपट्टी लावता येते. मोजे मेरिनो लोकरीचे. सुती काहीही नको, गंजीसुद्धा नको. आपले धनगर पावसात घोंगडी का पांघरतात हे ज्याला कळलं त्याला लोकरीबद्दल वेगळं सांगायला नको. ओली झाली तरी ऊब देते.

पावसाचं जाकीट घालून शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा, सॅक अडकवून. माझ्या एका जाकिटात पाणी शिरलं ते नेमकं खांद्याच्या पट्ट्याखालून, जिथे भार कापड दाबतो. नुसतं जाकीट घालून ते कधीच कळलं नसतं. बायकोने दार उघडून पाहिलं आणि काही न बोलता बंद केलं.

स्टोव्हचं गणित घरच्या वजनकाट्यावर करा. गॅसची छोटी टाकी आधी तोला, एक लिटर पाणी उकळा, पुन्हा तोला. किती ग्रॅम लागले ते लिहा. हेच थंडीतल्या सकाळी बाहेर करा, आकडा वाढलेला दिसेल. कडाक्याच्या थंडीत टाकीतला दाब पडतो आणि ज्योत मलूल होते, म्हणून रात्री टाकी पिशवीत पायाशी घेऊन झोपायची. पाण्याची गाळणीही तिथेच. पोकळ धाग्यांची गाळणी एकदा गोठली की आतून फुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. मग पोट बिघडवणारा गिआर्डिया जंतू घेऊन घरी या. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या जोडीला ठेवा.

दहा हजार फुटांवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ शिजायची वाट पाहत बसू नका. मी घरी बेसन खमंग भाजून त्यात तिखट, मीठ, जिरं आणि वाळवलेला कांदा-लसूण मिसळून पुड्या करतो. उकळत्या पाण्यात पाच मिनिटांत पिठलं. झटपट भाताबरोबर ते खाताना शेजारी माझ्याकडे ज्या नजरेने बघतो त्यासाठी एक पुडी जास्त न्यावी. खिशात शेंगदाणा-गुळाचे लाडू. वजनाच्या मानाने भरपूर ऊर्जा. पण तेही तपासा. गुळाचा पाक जरा पुढे गेला असेल तर थंडीत लाडू दगड होतो. माझी दाढ अशीच गेली. आता मी पाक करत नाही, गूळ किसून दाण्यांबरोबर कुटतो आणि लाडू रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी चावून बघतो.

उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घेतलंत तर ते दाट झाडीत चालवून पाहा. मोकळ्या माळावर मिनिटभरात जाणारा संदेश तिथे खूप वेळ घेतो. घरच्यांशी ठरवून ठेवा: रात्री आठपर्यंत निरोप नाही आला तर काय, दुसऱ्या सकाळपर्यंत नाही आला तर कुणाला फोन. हे न ठरवल्यामुळे एकदा आमच्या घरी रात्रभर देव पाण्यात होते आणि मी मात्र बॅटरी वाचवायची म्हणून यंत्र बंद करून घोरत होतो. फोनमध्ये नकाशे आधीच उतरवून ठेवा, पण कागदी नकाशा आणि होकायंत्र बरोबर हवंच. थंडीत फोनची बॅटरी दुपारपर्यंतच टिकते.

रायफलच्या मोसमात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि तशीच टोपी घालावी लागते. सगळं घाला, सॅक चढवा आणि कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा. माझा नारिंगी रंग सॅकखाली गायब झाला होता. आता एक नारिंगी कापड सॅकवरच शिवलंय, आणि मांस नेताना ते पिशवीवरून बांधतो. झुडपांतून हलणारं तपकिरी ओझं दुसऱ्या शिकाऱ्याला काय वाटेल याचा विचार करा.

धाप लागलेला नेम

माझ्याकडे जुनी थर्टी-ऑट-सिक्स रायफल आहे. बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून शंभर यार्डांवर तीन गोळ्या रुपयाएवढ्या जागेत मारणं ही बंदुकीची परीक्षा झाली, माणसाची नाही. नेम बसवून झाला की बाकाकडे पुन्हा जाऊ नका. रेंजवर परवानगी असेल तिथे मी बंदूक रिकामी ठेवून बाजूला शंभर दंड-बैठका मारतो, आणि छाती भात्यासारखी हलत असताना गुडघ्यावर बसून काठ्यांच्या आधाराने एकच गोळी मारतो. लक्ष्य म्हणून कागदी ताटली. ज्या अंतरावर पाचपैकी पाच ताटलीत जातात ते माझं अंतर. गेल्या वर्षी ते २२० यार्ड होतं. ३०० यार्डांवर पाचपैकी तीन गेल्या, म्हणजे ३०० यार्डांवरची एल्क माझ्यासाठी नाहीच. जखमी जनावर रात्रभर शोधत फिरण्यापेक्षा मी ते जाऊ देतो.

दिवसाची पहिली गोळी, थंड नळीची, वेगळी लिहून ठेवा, कारण शिकारीत तीच मिळते. आणि विमानाने किंवा लांबच्या रस्त्याने आलात तर तळावर जाण्याआधी एकदा नेम तपासा. बंदुकीवरची दुर्बीण हललेली असू शकते.

वाऱ्याची दिशा कळायला बिनवासाच्या भुकटीची छोटी बाटली. पहाटे थंड हवा दरीत खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते, आणि एल्कच्या नाकाला काहीही लपत नाही. मी उन्हाळ्यातल्या चालण्यातही बाटली दाबत जातो, म्हणजे कोणत्या वळणावर हवा फिरते ते अंगवळणी पडतं. शिकारीचे कपडे स्वयंपाकघराजवळच्या कपाटात ठेवू नका. हिंगाच्या फोडणीचा वास लोकर वर्षभर सोडत नाही.

चाकू

एवढं मोठं जनावर उघडायचं कसं हे पहिल्यांदा त्याच जनावरावर शिकू नये. मी जूनमध्ये फार्मवरून एक आख्खा बोकड घेतला आणि शेजाऱ्याकडून पोट न फाडता तुकडे करायची पद्धत शिकलो. एका कुशीवर झोपवून कातडं पाठीच्या कण्यापासून खाली सोलायचं, पुढचा फरा, मागची मांडी, पाठीची लांब पट्टी काढायची, मग उलटं करून दुसरी बाजू. आतल्या कण्याखालच्या पट्ट्या शेवटी, बरगड्यांच्या मागून हात घालून. बोकडाला मला दोन तास लागले, एल्कला दोघांना साडेतीन. मागची मांडी धरून ठेवायला दुसरा माणूस नसेल तर दोरीने झाडाला ताणून बांधावी लागते, ती गाठही घरीच शिका.

लिंगाचा पुरावा मांसाच्या एका भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, तो घाईत कापला जाऊ नये. कातडं लवकर काढा, मांस सुती जाळीच्या पिशव्यांत घालून सावलीत वारा लागेल असं टांगा. थंडी असली तरी मोठ्या मांडीतली ऊब हाडाजवळ तासन्‌तास राहते आणि तिथूनच मांस नासतं. काही युनिटांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगाची तपासणी सक्तीची असते. नसली तरी मी डोकं तपासायला देतो.

रंगीत तालीम

ऑगस्टमध्ये दोन रात्रींची पूर्ण तालीम. तेच सामान, तेच जेवण, तेवढीच उंची. तंबू मुद्दाम अंधारात, हातमोजे घालून लावा. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून जिथे एल्क असतील तिथपर्यंत चढा, आणि परत येताना सॅकमध्ये तीन गोण्यांएवढं ओझं भरा. ओढ्यातलं पाणी पिशव्यांत भरलं तरी चालतं, मांसासारखंच हलतं. मी घरी येऊन सगळं सामान जमिनीवर पसरतो. जे वापरलं नाही ते बाजूला, प्रथमोपचार आणि पावसाळी कपडे सोडून. पहिल्या तालमीत असं साडेतीन किलो निघालं. त्यात एक घडीची खुर्ची होती, आणि तिची बाजू घेऊन मी बराच वेळ भांडलो.

तालमीनंतर एक आकडा ठरवा: गाडीपासून जास्तीत जास्त किती लांब गोळी झाडायची. आमचं दोघांचं तीन मैल, ऊबदार दिवस असेल तर दोनच. विल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात चाकाची ढकलगाडीसुद्धा नेता येत नाही. त्याहून लांब जायचं असेल तर घोड्या-खेचरांचा परवानाधारक माणूस आधीच ठरवून ठेवा, एल्क पडल्यावर फोन करून तो मोकळा मिळत नाही. हा आकडा मी बंदुकीच्या दस्त्यावर चिकटपट्टीवर लिहितो. चार मैलांवर समोर उभी असलेली एल्क मी दोनदा सोडली आहे. शेजारी दोन्ही वेळा काही बोलला नाही, फक्त थर्मास पुढे केला.

शेवटचे दहा दिवस

ओझं बंद. हलकं चालणं, झोप, बुटांना मेण. गाडीत दोन मोठे कूलर, बर्फ, ताडपत्री, कोरडे बूट, जादाचं बक्कल. (बक्कल तुटण्याची शक्यता आता कमी आहे, दोन्हीकडचं मी स्वतः धातूचं बसवलंय. तरी जादाचं असतंच.)

तिन्ही गोण्या त्याच आठवड्यात फोडतो. तांदूळ सहा महिने हॉर्सटूथवर चढून-उतरून बराच मोडलेला असतो, दाणा लांब राहत नाही. बायको त्याचा पुलाव करत नाही. मऊ भात करते, वर मेतकूट आणि तूप, आणि निघायच्या आदल्या रात्री आम्ही तोच खातो.